फडक्यांची चळत

आमच्या घराला कायम तेलाचा वास यायचा, आणि आमच्या भाजीत तेल नसायचं. वास होता तो दुसऱ्यांच्या तेलाचा. नाशिक रोडला रेल्वे लाइनीच्या अलीकडे आमची वस्ती. जवळच फरसाणाचा एक कारखाना होता. शेव, पापडी, चिवडा तळून झाला की तो मोठमोठ्या सुती फडक्यांवर ओतायचे. फडक्याने तेल ओढून घेतलं की माल पुढे पॅकिंगला जायचा. संध्याकाळपर्यंत त्या फडक्यांचे नुसते लगदे व्हायचे. ते लगदे डोक्यावरून घरी आणायचे, धुवायचे आणि पांढरे करून परत द्यायचे, हे माझ्या आईचं काम. वडील मालधक्क्यावर पोती उचलायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मालगाडी लागली तर काम, नाही लागली तर घरी बसून विड्या आणि आईवर ओरडणं.

आई पिंपात पाणी उकळायची, त्यात धुण्याचा सोडा टाकायची आणि फडकी दांडक्याने ढवळायची. सोड्याने तिच्या नखांच्या कडा कायम सोललेल्या असायच्या. फडक्यातलं तेल कितीही उकळलं तरी सगळं जात नाही. डोळ्यांना पांढरं दिसतं, बोटांना चिकट लागतं. तोच चिकटपणा आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या पुस्तकांच्या कव्हरांना होता. शाळेत मला ‘पापडी’ म्हणायचे. बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाक दाबून म्हणायची, “आली बघा, गरमागरम.” मी रडले नाही. मी तिच्यापेक्षा जास्त मार्क पाडले. मला तेवढंच करता येत होतं, आणि ते मी शेवटपर्यंत केलं.

आईच्या कामात एक कसब होतं. ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. आमच्याकडे इस्त्री नव्हती. कारखान्यातला मुकादम तर फडकं उलगडून बघायचा आणि चुणी दिसली की अख्खा गठ्ठा परत द्यायचा. म्हणून आईने स्वतःची एक रीत काढली होती. फडकी ती दोरीवर घालायचीच नाही, छपराच्या पत्र्यावर पसरायची. उन्हाळ्यात तो पत्रा तव्यासारखा तापतो. फडकं वाळून कडक आणि गरम झालं की गरम असतानाच घडी, घडीवर घडी, अशी चळत लावायची. वरून गोधडी गुंडाळायची आणि गोधडीवर मसाला वाटायचा दगडी पाटा ठेवायचा. सकाळपर्यंत चुणी औषधालासुद्धा सापडायची नाही. मुकादम म्हणायचा, “बाई, तुमची फडकी लाँड्रीतून आल्यासारखी असतात.” हे वाक्य आई घरी येऊन सांगायची. कोणी विचारलं नाही तरी सांगायची. दुसरं काही सांगण्यासारखं तिच्याकडे नव्हतं.

शेजारच्या खोलीत काका आणि काकू राहायचे. मधली भिंत पत्र्याची, दोघांत एकच. काकूला मूल नव्हतं. काकू तोंडाने फटकळ होती आणि आई काही कमी नव्हती. आमचं सोड्याचं पाणी उतारावरून काकूच्या उंबऱ्यापाशी साचायचं, त्यावरून दोघींचं कायम वाजायचं.

त्या दिवशी दुपारीही नळावर वाजलं. मे महिना होता, लग्नसराई होती, कारखान्याने रोजच्या दुप्पट फडकी दिली होती. त्यामुळे पाणीही दुप्पट वाहिलं.

“माझ्या पायाला भेगा पडल्या तुमच्या सोड्यानं,” काकू हंडा आपटून म्हणाली. “जळो ती तुमची फडकी!”

“जळली तर तुझ्याच नजरेनं जळतील,” आई म्हणाली.

नळावरच्या बाया हसल्या. आमच्या वस्तीत उठता बसता ‘जळो’ म्हणतात. दूध नासलं तरी जळो, जावई आला तरी जळो. त्याचं कोणाला काही वाटत नाही.

त्या संध्याकाळी गल्लीत एका मुलीची हळद होती. आम्ही आवरत होतो. अण्णा शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, “काय गं, कसला वास येतोय? तेल खवट झालं का?”

“तुमचं नाकच खवट झालंय,” आई म्हणाली. चळत कोपऱ्यात होती, नेहमीपेक्षा उंच, कमरेएवढी. एवढ्या मोठ्या चळतीवर वजन पुरणार नाही म्हणून तिने पाट्यावर वरवंटाही ठेवला. कडीला कुलूप घातलं आणि आम्ही हळदीला गेलो. काकू रुसली होती, ती आली नाही.

दिवेलागणीला काकूची हाक ऐकू आली. हाक म्हणण्यापेक्षा किंकाळीच. आम्ही पळत आलो तर आमची कडी उचकटलेली, काकू आमच्या दारात, आणि आमचा गॅसचा सिलिंडर तिने लोळवत गल्लीत आणून टाकलेला. दारातून धूर येत होता, पण जाळ दिसत नव्हता. आई सरळ आत घुसली. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. तिने पाटा ढकलला, गोधडी ओढली. गोधडी वरून नुसती पिवळी पडली होती. वरची फडकी पांढरीच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आईला वाटलं, वाचली फडकी. तिने दोन्ही हातांनी वरचा थर उचलला. आत लाल होतं. भट्टीचं तोंड उघडावं तसं. वारा लागला आणि भडका झाला.

आमची खोली गेली. काकांची अर्धी गेली. आईचा उजवा तळवा भाजला आणि बोटं आखडली ती आखडलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नळावर गेले. सगळी गल्ली पाण्याला होती. तिथे उभं राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं, “माझं घर माझ्या भावजयीनं पेटवलं.” आणि पुरावे मांडले. दुपारी तिने शाप दिला. हळदीला आली नाही. कडी तिने उचकटली. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे सिलिंडर. “जाळाच्या आधी सिलिंडर बाहेर काढायचं हिला सुचलं कसं? भिंत एकच हाय. स्वतःचं घर उडू नये म्हणून आधी सिलिंडर काढला, मग काडी लावली. ठरवून केलंय.” ज्या बाईने आमची अख्खी ओळ उडण्यापासून वाचवली, तिचं ते वाचवणंच तिच्याविरुद्धची साक्ष झालं. नळावर कोणी तोंड उघडलं नाही. आदल्या दिवशी ज्या हसल्या होत्या, त्याही नाही.

काकांनी मोठ्या भावाचा शब्द मानला. त्याच आठवड्यात त्यांनी काकूला मनमाडला तिच्या माहेरी नेऊन सोडलं आणि एकटेच परत आले. पुन्हा कधी आणायला गेले नाहीत. मूलबाळ नव्हतं, म्हणजे तिच्या बाजूने भांडणारं कोणी नव्हतं. काकूने आग लावली हे ऐकतच मी मोठी झाले. जसं मी कोणत्या सालची, आमचं गाव कुठलं, तसंच ते एक घरातलं माहीत असलेलं.

आईला आता धुणं जमेना. ती एका हाताने लसूण सोलायच्या कामाला लागली. तेलाचा वास गेला आणि लसणाचा आला. मी शिकत राहिले. आमच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, आणि कोणाच्या उपकारावर झाले नाही. निकालाच्या दिवशी अण्णांनी मालधक्क्यावर पेढे वाटले आणि हमालांना सांगत सुटले, “पोरगी सायंटिस्ट झाली.” मी तेव्हा ट्रेनीसुद्धा नव्हते.

पुढे अंबडच्या एमआयडीसीत एका खासगी प्रयोगशाळेत लागले. तिथे कारखान्यांचा माल तपासायचा असतो. हा बोटीतून, ट्रकमधून, गोदामातून नेताना स्वतःच तापेल का, आणि तापून पेटेल का? कोळशाची भुकटी, पेंड, कसल्या कसल्या पावडरी. लोकांना वाटतं आग लागायला काडी लागते. नाही लागत. काही पदार्थ हवा खातात आणि खाताना ऊब सोडतात. पातळ पसरले तर ती ऊब उडून जाते. ढीग घातला तर आतली ऊब आतच कोंडते, उबेने पदार्थ आणखी हवा खातो, आणखी तापतो. तपासायची पद्धत साधी आहे. बारीक जाळीची चौकोनी टोपली, तीत नमुना भरायचा, मधोमध एक तापमानाची तार खुपसायची, दुसरी तार टोपलीबाहेर, आणि टोपली एकशेचाळीस अंशाच्या ओव्हनमध्ये टांगून दिवसभर बघत बसायचं. आतली तार ओव्हनपेक्षा फार वर गेली, दोनशेच्या पुढे, की माल धोक्याचा.

मी लागले तेव्हा तिथे मला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. बरोबरचे सगळे इंजिनिअरिंगवाले, बापांकडे गाड्या असलेले. माझा एक सिनियर होता, वाईट माणूस नव्हता, पण त्याला घरी जायची नेहमी घाई. टोपल्या धुणं, नमुने फोडणं, जळके लगदे खरवडणं हे माझ्याकडे. मी खरवडायची. खरवडता खरवडता जेवढं शिकायला मिळतं, तेवढं वर ग्राफ बघत बसलेल्याला मिळत नाही.

एक दिवस विम्याचा सर्वेअर एका आगीचं काम घेऊन आला. दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा फरसाणाचा कारखाना, त्याचं गोदाम जळालं होतं. गोदामात धुतलेली फडकी रचून ठेवलेली असायची. मालकाच्या माणसाने तशीच म्हणून फडकी नमुन्याला पाठवली होती. मी पाकीट फोडलं. आत कोरी करकरीत फडकी, इस्त्रीची, दुकानाचा वास असलेली. त्यांनी तेल कधी पाहिलंच नव्हतं.

“ही नाहीत चालणार,” मी सिनियरला म्हटलं.

“जे आलं ते टेस्ट करायचं,” तो म्हणाला. “आपण काय मुलगी बघायला आलोय का?”

“मुलगी बघायलाच आलोय, सर. म्हणून पावडर पुसून तोंड बघायचं असतं.”

तो हसला आणि त्याने सर्वेअरला फोन लावून दिला. सर्वेअर स्वतः जाऊन वापरातली, धुतलेली फडकी घेऊन आला. मी हातात घेतली. डोळ्यांना पांढरी, बोटांना चिकट. मी ते बोट कितीतरी वेळ अंगठ्यावर घासत उभी होते.

सिनियरने घाईत सगळ्यात लहान टोपली घेतली, मुठीत मावेल एवढी. तापमानाची रेघ सरळ राहिली. आतली ऊब तेवढ्याशा टोपलीतून उडून जात होती. “झालं, सेफ,” तो म्हणाला. मी म्हटलं, गोदामात काय मूठभर फडकी होती का? मोठी टोपली लावायला लागेल. तो वैतागला. “तूच लाव, तूच बस.” मी लावली. आईने लावली असती तशी घडी घडी करून, दाबून भरली.

दुपारी मी डबा खात होते. सिनियरने काचेवर टकटक केलं. “ये गं, तुझी फडकी तापली.”

रेघ ओव्हनच्या वर गेली होती आणि जातच होती. ओव्हन टोपलीला तापवत नव्हता, टोपली ओव्हनला तापवत होती. आम्ही बंद केलं, टोपली गार होऊ दिली, मग मी ती सुरीने मधोमध कापली. बाहेरचा थर पांढरा, जरा पिवळसर. आत काळाकुट्ट कोळसा. आणि तो वास. खवट.

मी खाली बसले. सिनियर म्हणाला, “घाबरलीस? पहिल्यांदा सगळेच घाबरतात.” पाटा ढकलणारी आई, पांढरा वरचा थर आणि आतला लाल खड्डा माझ्या डोळ्यांपुढे होता. एवढी वर्षं मी ते पाहिलेलं मनात घेऊन फिरत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की काडी बाहेरून लावली तर बाहेरचं फडकं पांढरं कसं राहतं.

सर्वेअर रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी विचारलं, “त्या आगीत कोणावर आळ आला होता का हो?”

“वॉचमनला काढलाय,” तो म्हणाला. “विडी ओढायचा म्हणे.” त्याला परत घेतलं का, ते मला कळलं नाही. आमच्याकडे नमुने येतात, माणसं येत नाहीत.

मी घरी सांगितलं. जेवणं झाली होती, आई लसूण घेऊन बसली होती.

“यासाठी शिकवलं तुला?” अण्णा म्हणाले. “आईला आग लावणारी ठरवायला?”

“कोणी लावली नाही, अण्णा. लागली.”

“लागली म्हंजे? आग काय आंब्याला मोहोर लागतो तशी लागती?”

“हो. तशीच.”

“मग रोज का नाय लागली? रोज तीच फडकी, तोच पाटा. त्याच दिवशी बरी लागली, तिनं शाप दिला त्याच दिवशी?”

मी त्यांना विचारलं, एक भाकरी ताटात ठेवली तर किती वेळ गरम राहते? आणि लग्नघरात शंभर भाकऱ्या फडक्यात बांधून दुरडीत घातल्या तर? त्या दिवशी फडकी दुप्पट होती. दुरडी मोठी होती, एवढाच फरक.

अण्णा तोंड फिरवून म्हणाले, “कागद दाखव. शिक्क्याचा कागद.” कागद कसा दाखवणार? रिपोर्ट पैसे भरणाऱ्याचा असतो. तो बाहेर नेला असता तर माझी नोकरी गेली असती. ज्या माणसाने नुसत्या तोंडाच्या शब्दावर एका बाईचा संसार मोडला, त्याला आता शिक्का हवा होता.

आईने लसणाची परात बाजूला सारली. ती माझ्याकडे बघत नव्हती. “वरवंटाबी मीच ठेवला होता,” ती म्हणाली. “चळत मोठी होती म्हनून.” एवढं बोलून ती उठली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

रविवारी मी मनमाडला निघाले. आईने पायात चप्पल सरकवली आणि न विचारता बरोबर आली. अण्णांनी अडवलं नाही, पण स्टेशनापर्यंत सोडायलाही आले नाहीत.

काकू भावाच्या घरामागच्या खोलीत राहते आणि रेल्वेतल्या लोकांना डबे देते. ती पोळ्या लाटत होती. आम्हाला पाहून तिचा हात थांबला नाही. तिने आधी आईच्या तळव्याकडे पाहिलं.

“बोटं उघडलीच नायत का मग?”

“नाय.”

“मी वरडत होते, हात घालू नका, बादली आणते.”

“वरडत होतीस,” आई म्हणाली.

मी सांगितलं. टोपली, तार, ओव्हन, सगळं. बोलताना मला माझाच अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू? मला वाटलं होतं ती रडेल, मला जवळ घेईल. ती हसली. हसता हसता तिने पोळी उलटली.

“मी आग लावली नव्हती हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं की गं. त्याला बीएस्सी कशाला लागती?”

“तुझा चुलता गेला,” ती पुढे म्हणाली, “तेव्हा कळवलं का मला कुणी? डबा न्यायला येणारा गार्ड म्हणाला, मावशी, तुमच्या नाशिक रोडच्या घरी मयत झालं वाटतं. कुंकू मी माझ्या हातानं पुसलं, ह्या मोरीत. आन् संध्याकाळचे डबे केले. लोक उपाशी थोडेच राहनार?”

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने डाव्या हाताने पिठाची एक लाटी घेतली आणि गोल करायला लागली. काकूने ती लाटी तिच्या हातातून काढून घेतली. “ऱ्हाऊ द्या. तुम्हाला नाय जमायचं.” रागाने म्हणाली की मायेने, मला कळलं नाही.

निघताना मी म्हटलं, “काकू, अण्णांना घेऊन येते. ते माफी मागतील.”

“इथं आनू नको त्याला,” ती म्हणाली. “इथं भिंतींपुढं गोड बोलून काय उपयोग? नळावर बोलला होता ना? समद्या गल्लीसमोर? मग नळावरच बोल म्हनावं.”

अण्णा बोलणार नव्हते. मी आठवडाभर डोकं फोडलं. ते म्हणायचे, “मेलेल्या भावाला काय सांगू मी? तुझी बायको उगाच टाकायला लावली?” त्यांना खरं कळत नव्हतं असं नाही. कळलं तर त्याच्याबरोबर जे उचलावं लागणार होतं, ते जड होतं. पोती उचलून थकलेला माणूस आहे.

मग आईनेच ठरवलं. मे महिना होताच. कारखान्यात आता दुसरी एक बाई धुण्याला आहे, तिच्याकडून आईने फडक्यांचे लगदे मागून आणले. सोड्यात उकळले, त्याच जागी बांधलेल्या नव्या घराच्या पत्र्यावर पसरले. गरम झाल्यावर आम्ही दोघींनी घड्या घातल्या, तिचा एक हात आणि माझे दोन. घरात मी करू दिलं नसतं. मागच्या मोकळ्या जागेत, झाडाच्या सावलीत, विटांवर चळत लावली. अण्णांनी तिला एकदा हात लावून पाहिला. गोधडी. त्यावर तोच पाटा, आगीत तडा गेलेला. शेजारी पाण्याच्या भरलेल्या बादल्या, आणि मी तिथून हलले नाही.

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. अधूनमधून विचारायचे, “काय सायंटिस्ट, पेटलं का?”

पेटलं नाही. जसं झालं तसं लिहिते. उन्हं उतरली, चहाची वेळ झाली, तरी धूर नाही, जाळ नाही. त्या दिवसाएवढी फडकी आमच्याकडे नव्हती. आईने नव्या साबणाने तेलही जास्त काढलं असेल.

“झालं?” अण्णा उठत म्हणाले. “संपला खेळ?”

“हात घाला,” आई म्हणाली.

“कशाला?”

“घाला की आत. माझा घालून झालाय.”

अण्णा तिच्या तळव्याकडे बघत राहिले. मग वाकले आणि गोधडीच्या खालून चळतीच्या मधोमध हात सरकवला. सावलीत पडलेलं फडकं, दुपारपासूनचं. ते गार असायला हवं होतं. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

“ठेवलं तेव्हापेक्षा गरम हाय,” ते म्हणाले.

मी गोधडी जराशी उचलली आणि तो वास बाहेर आला. अण्णांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मला आठवलं, शर्टाची बटणं लावताना त्यांनीच विचारलं होतं. त्यांनाही आठवलं असावं, कारण ते खुर्चीवर बसले नाहीत, खाली मातीत बसले. मी बादल्या ओतल्या. मधल्या फडक्यांतून वाफ निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा आई हंडा घेऊन नळावर गेली. मी मागे होते. रांगेत उभी राहून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “माझ्या धाकट्या जावेनं आग लावली नव्हती. मी गरम फडकी दाबून ठेवली, त्यानं लागली. माझ्या हातानं.”

बाया वळून बघायला लागल्या. अण्णा दारात उभे होते. बायकोने एकटीने सगळं अंगावर घेतलेलं त्यांना बघवलं नाही, की लोक आता काय म्हणतील याची भीती वाटली, मला सांगता येणार नाही. ते नळापर्यंत चालत आले.

“आळ मी घेतला होता,” ते म्हणाले. आवाज बारीक होता, तेव्हासारखा नव्हता. “खोटा होता.”

एक नवी सून शेजारणीला विचारत होती, “कोन जाऊ? यांना जाऊ हाय?” गल्लीतली अर्धी माणसं बदलली होती. तेव्हाची कोपऱ्यावरची मावशी मात्र होती. ती म्हणाली, “म्हंजे ती नव्हती होय? बरं झालं बाई, कळलं,” आणि तिने आपला हंडा नळाखाली सरकवला. पाणी थोडाच वेळ येतं.

मी तिथूनच काकूला फोन लावला. “बोलले,” मी म्हटलं. “नळावर.”

“कोन कोन होतं?”

मी सांगितलं.

“कोपऱ्यावरची होती का?”

“होती.”

“मग झालं.” मागे पोळपाटाचा आवाज येत होता.

“आता ये ना, काकू. राहायला ये.”

“कशाला? माझे डबे कोन देईल?” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती आली नाही. कधी येईल असंही वाटत नाही. आईची बोटं तशीच आहेत, आणि काका तिला आग लावणारी मानूनच गेले. प्रयोगशाळेत आता रिपोर्टवर सही माझी असते, आणि मोठ्या टोपलीशिवाय मी कोणाचाही माल सेफ म्हणत नाही. काकूवरचा आळ ज्या नळावर घातला होता त्याच नळावर, ज्याने घातला त्याच्याच तोंडून उतरला. आमच्या घरात पहिली पदवी आली, तिने एवढं केलं.